एक किलो गुळाचा पर्यावरणीय हिशोब: जीवनचक्र मूल्यांकन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर आम्ही उभे होतो. काहिलीत रस उकळत होता, धुराड्यातून काळा धूर निघत होता. सोबत आलेल्या व्यापाऱ्याने धुराकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, एवढं धुराडं सुधारलं की आपला गूळ पर्यावरणपूरक झाला म्हणायचा ना?"

तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, कारण नंतर त्या गुळाचा उसाच्या कांडीपासून वाशीच्या बाजारापर्यंतचा हिशोब मांडला. अशा हिशोबाला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. रोजच्या बोलण्यात आम्ही नुसतं 'एलसीए' (लाइफ सायकल असेसमेंट) म्हणतो. एखादी वस्तू जन्माला येताना, वापरताना आणि टाकून देताना निसर्गातून काय काय घेते आणि निसर्गात काय काय सोडते, ते मोजायची ही पद्धत. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेकडून बाटल्या आणि डब्यांची तुलना करून घेतली, तिथून या पद्धतीची सुरुवात मानली जाते. आज तिचे नियम आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १४०४० आणि १४०४४ या दोन मानकांत आहेत. दोन्ही २००६ ची, पुढे थोडी दुरुस्त झालेली.

मानक चार टप्पे सांगतं: उद्देश आणि व्याप्ती ठरवणं, माहिती गोळा करणं, परिणाम मोजणं आणि अर्थ लावणं. कागदावर हे टप्पे एकापाठोपाठ एक येतात. प्रत्यक्षात तिसऱ्यावर पोचल्यावर पहिल्याकडे परत यावं लागतं. नवख्याला हे कुणी सांगत नाही आणि मग आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं. तसं नसतं, काम असंच चालतं.

गूळ निवडला कारण त्याची साखळी छोटी आहे आणि जवळजवळ सगळी डोळ्यांनी पाहता येते. पहिला अभ्यास असाच घ्या: जिथे तुम्हाला चालत जाता येईल आणि माणसांशी बोलता येईल. मोबाइल फोनचा एलसीए पहिल्याच खेपेला करायला जाऊ नका.

पहिली पायरी: प्रश्न नीट विचारा

"गुळाचा पर्यावरणावर परिणाम किती?" हा प्रश्न हिशोबाला उपयोगाचा नाही. "या गुऱ्हाळाच्या गुळात सर्वांत जास्त भार कुठे पडतो आणि आधी काय बदलावं?" हा चांगला प्रश्न. "हा गूळ साखरेपेक्षा चांगला आहे का?" हा तिसराच प्रश्न, आणि फार अवघड. प्रश्न बदलला की लागणारी माहिती बदलते, कष्ट बदलतात आणि निष्कर्ष कुणाला सांगता येतो तेही बदलतं.

हिशोब कुणासाठी आहे तेही आत्ताच लिहून ठेवा. गुऱ्हाळमालकाला स्वतःच्या सुधारणेसाठी हवा असेल तर थोडा ढोबळ आकडा चालतो. पाकिटावर छापायचा असेल तर चालत नाही.

दुसरी पायरी: मोजमापाचं एकक

याला कार्यात्मक एकक म्हणतात. नवखी माणसं इथे घाई करतात. "एक टन ऊस" हे एकक घेतलं तर कमी उतारा असलेलं गुऱ्हाळही चांगलं दिसतं, कारण त्याच उसातून गूळ किती निघाला हे हिशोबातून सुटून जातं. आपल्याला गूळ हवा आहे. म्हणून एकक असं लिहायचं: "वाशीच्या बाजारात पोचलेला, खाण्यायोग्य एक किलो गूळ." वाटेत पाघळलेला किंवा बुरशी लागून फेकलेला गूळ यात आपोआप येतो, कारण एक किलो पोचवायला एक किलोपेक्षा थोडा जास्त बनवावा लागतो.

तुलना करायची असेल तर एकक आणखी जपून ठरवावं लागतं. चहा गोड करायला गूळ आणि साखर सारख्याच वजनाने लागत नाहीत. तिथे "एक कप चहा तेवढाच गोड करणं" हे एकक जास्त न्यायाचं.

तिसरी पायरी: कुंपण घाला

हिशोबाची सीमा म्हणजे शेताचं कुंपण. आत काय आणि बाहेर काय, ते आधी ठरवायचं. आमची सीमा अशी होती: बेणं, लागण, खतं, पाणी, तोड, उसाची वाहतूक, चरक, काहील, बांधणी आणि वाशीपर्यंतचा ट्रक. घरातला वापर बाहेर ठेवला, कारण गूळ कुणी पोळीबरोबर खाईल, कुणी पुरणात घालेल. त्या चुलीचा गॅस गुऱ्हाळाच्या हातात नाही. चरकाचं लोखंड आणि गुऱ्हाळाची इमारतही बाहेर ठेवली. वर्षानुवर्षांच्या गुळावर वाटली की त्यांचा वाटा नगण्य होतो. पण "नगण्य वाटलं म्हणून सोडलं" हे अहवालात स्पष्ट लिहायचं. न लिहिता सोडलेल्या गोष्टीवरच पुढे बोट ठेवलं जातं.

कागदावर साखळीचं चित्र काढा. प्रत्येक चौकटीत आत येणारे बाण आणि बाहेर जाणारे बाण दाखवा. शेताच्या चौकटीत युरिया, पाणी, वीज, डिझेल आत येतं. ऊस, वाडं (उसाचे हिरवे शेंडे), पाचट (वाळलेली पानं) बाहेर पडतं, आणि न दिसणारा नायट्रस ऑक्साइडही. गुऱ्हाळाच्या चौकटीत ऊस, चुना, रानभेंडीचा चिकट रस आणि फेस दाबायला एरंडेल तेल आत येतं. गूळ, रसावरून काढलेली मळी, राख, धूर बाहेर पडतो. चिपाडाचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाचा, बाण त्याच चौकटीतून निघून तिथेच परत येतो, कारण तेच काहिलीखालच्या चुलवाणात जळतं. चित्र तयार झालं की ते गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याला, दाखवा. तो पाच मिनिटांत दोन बाण वाढवून देईल.

चौथी पायरी: माहिती गोळा करणं

एलसीएचं तीन चतुर्थांश काम इथेच आहे. संगणकावरचं काम त्यामानाने थोडं, म्हणून या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे.

माहिती दोन प्रकारची. एक तुम्ही स्वतः मोजलेली किंवा विचारलेली: एकरी किती पोती युरिया, किती टन ऊस, किती लिटर डिझेल. दुसरी तयार माहितीसाठ्यातली: एक किलो युरिया बनताना काय काय उत्सर्जित होतं, एक युनिट वीज बनताना किती कोळसा जळतो. दुसऱ्या प्रकारासाठी स्वित्झर्लंडचा इकोइन्व्हेंट हा माहितीसाठा सर्वांत जास्त वापरतात, पण तो विकत घ्यावा लागतो. शेतमालासाठी फ्रान्सचा अॅग्रिबॅलिस फुकट मिळतो. तो फ्रान्सच्या शेतीचा आहे हे मात्र विसरू नका. तिथली वीज मुख्यतः अणुऊर्जेची, आपली मुख्यतः कोळशाची. विजेचा आकडा आपलाच घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दरवर्षी प्रसिद्ध करतं, आणि तो दर युनिटला साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड आहे.

आता शेतावरचे आकडे. शेतकऱ्याला "तुमचा नायट्रोजनचा वापर किती?" असं विचारू नका. "लागणीला किती पोती टाकली, भरणीला किती?" असं विचारा. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्याला २०.७ किलो. सुरू हंगामातल्या उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००, पाचेक पोती. शिफारस आणि प्रत्यक्ष वापर यांत बऱ्याचदा अंतर असतं, म्हणून दुकानाची बिलं मागून घ्या.

उत्पादन एकाच वर्षाचं घेऊ नका. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठचा ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली होता. त्या वर्षाचा आकडा घेतला तर किलोमागचा भार वाढलेला दिसेल. पूर न आलेलं एकच चांगलं वर्ष घेतलं तर उलटं होईल. तीन वर्षांची सरासरी घ्या. लागण आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) मिळून हिशोब मांडा, नाहीतर लागणीची नांगरट आणि बेणं एकट्या लागणीच्या उसावर पडतं आणि खोडवा फुकट सुटतो.

पाण्याच्या मोटारीची गोष्ट सविस्तर सांगते, कारण इथे माझी चूक झाली होती. बऱ्याच शेतीपंपांना मीटर नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर. त्यामुळे विजेचा आकडा 'मोटारीची ताकद गुणिले तास' असाच काढावा लागतो. एका शेतकरी काकांना मी विचारलं, "लाईट किती तास?" ते म्हणाले, आठ तास. मी पाळ्यांच्या दिवसांनी गुणलं. हिशोबात मोटार सगळ्यात वर आली, युरियाच्याही वर, आणि मी तसंच लिहूनही टाकलं. महिन्याभराने अहवालाचा कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते मध्येच थांबवून म्हणाले, "ताई, आठ तास लाईट असती म्हणलो मी. मोटर चार तासच चालती. उरलेल्या वेळात शेजारच्यांची पाळी." प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. तास निम्मे झाले आणि भारांचा क्रमच बदलला. तेव्हापासून कुठलाही मोठा आकडा मी दोन वाटांनी तपासते: एकदा माणसाला विचारून आणि एकदा दुसऱ्या कुठल्यातरी मोजमापावरून. मोटारीच्या बाबतीत सरीत पाणी किती वेळात शेवटपर्यंत पोचतं ते घड्याळ लावून पाहणं ही दुसरी वाट.

चिपाडाचंही तसंच. गुळव्याने सांगितलं, "आधणाला लागतं तेवढं जाळतो." हे उत्तर खरं आहे, पण त्यात आकडा नाही. मग हुकाचा काटा आणला. चरकातून पडलेल्या ओल्या चिपाडाचा एक भारा तोलला, पत्र्यावर वेगळा वाळत घातला आणि वाळल्यावर पुन्हा तोलला. वजन ओल्याच्या अर्ध्याच्या जवळपास आलं. नंतर एका आधणाला, म्हणजे रसाच्या एका काहिलीला, चुलवाणात किती भारे गेले ते सकाळपासून बसून मोजलं. सबंध दिवस गेला आणि हातात एकच आकडा आला. पण तो आमचा होता, कुणी कितीही उलटतपासणी केली तरी टिकणारा.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कुठून आला, कोणत्या वर्षाचा, आणि मोजलेला की अंदाजाने धरलेला. सहा महिन्यांनी स्वतःचीच वही उघडल्यावर याची किंमत कळते.

पाचवी पायरी: वाटणी

एका शेतातून, एका कारखान्यातून दोन-तीन वस्तू निघत असतील तर भार कुणाच्या नावावर किती टाकायचा? साखर कारखान्यात हा मोठाच प्रश्न असतो. उसातून साखर निघते, मळीपासून इथेनॉल, बगॅसपासून म्हणजे चिपाडापासून वीज. भार वजनाने वाटायचा की किमतीने, यावर साखरेचा आकडा बराच वरखाली होतो. आयएसओ १४०४४ चा क्रम असा: शक्यतो वाटणीच टाळा, प्रक्रिया वेगवेगळ्या करून किंवा सीमा वाढवून, ते जमलं नाही तर वजन, ऊर्जा अशा भौतिक नात्याने वाटा, तेही जमलं नाही तर किमतीने.

गुऱ्हाळाचं हे एक सुख आहे. चिपाड तिथेच जळतं, त्यामुळे वाटणीला फारसं काही उरत नाही. उरतं ते वाडं, जनावरांचा चारा. उसाच्या किमतीपुढे त्याची किंमत थोडी, म्हणून आम्ही सगळा भार उसावरच ठेवला आणि तसं लिहिलं.

सहावी पायरी: परिणाम मोजणं

आता एका एकराचा हिशोब मांडून दाखवते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, तुमच्या शेताचे वेगळे येतील. एकरी ४० टन ऊस, दहा किलो उसाला एक किलो गूळ, म्हणजे एकराचा गूळ ४,००० किलो. एकराचं काहीही या चार हजाराने भागलं की किलोमागचा आकडा मिळतो.

आधी नत्र. मातीत टाकलेल्या नत्रातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या मार्गदर्शिकेत याचा सर्वसाधारण दर एक टक्का धरला आहे. १०० किलो नत्र टाकलं तर एक किलो नत्र या वायूच्या रूपाने गेलं, आणि वायूचं वजन ४४ भागिले २८ या प्रमाणात १.५७ किलो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण शंभर वर्षांच्या मोजणीत एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो. १.५७ गुणिले २७३ म्हणजे सुमारे ४२८ किलो, आणि किलोभर गुळामागे १०७ ग्रॅम. इथून पुढे ग्रॅम म्हटलं की कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतले ग्रॅम समजा.

युरिया कारखान्यात बनतानाही नैसर्गिक वायू जळतो. टनामागे साडेपाच-सहा गिगाकॅलरी ऊर्जा धरली आणि त्या वायूतला सगळा कार्बन मोजला तर किलोभर युरियामागे १.३ ते १.४ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. इथे एक खड्डा आहे. त्यातला काही कार्बन युरियातच बांधला जातो आणि शेतात टाकल्यावर बाहेर पडतो. कारखान्यातला सगळा कार्बन मोजून पुन्हा शेतातलाही मोजला तर तोच कार्बन दोनदा येतो. आम्ही एकदाच मोजला: एकराच्या २१७ किलो युरियाचे गुळामागे सुमारे ७३ ग्रॅम.

मोटार पाच हॉर्सपॉवरची. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तासाला सुमारे ४.७ युनिट. हंगामात २०० तास म्हणजे ९४० युनिट, गुळामागे १६९ ग्रॅम.

पाचट जाळलं असेल तर एकरी चार टन वाळलेल्या पाचटातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे ७४ ग्रॅम. पाचटातून निघणारा कार्बन डायऑक्साइड इथे धरत नाहीत, कारण उसाने तो त्याच हंगामात हवेतूनच घेतलेला असतो. चिपाडालाही तोच नियम. म्हणून चुलवाणाच्या वाट्याला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचेच आयपीसीसीच्या दरांनी साधारण ६३ ग्रॅम येतात.

चरकाची मोटार टनामागे १४ युनिट घेते असं धरलं, तर १०१ ग्रॅम. उसाची ट्रॉली पाच किलोमीटरवरून आली तर १३ ग्रॅम. १५ टनांचा ट्रक सुमारे ३८० किलोमीटरवरच्या वाशीला जाऊन रिकामा परत आला, लिटरला चार किलोमीटर या हिशोबाने, तर ३४ ग्रॅम. डिझेलच्या लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आहे.

बेरीज ६३४ ग्रॅम. त्यात शेताचे ४२३, म्हणजे दोन तृतीयांश. आणि व्यापाऱ्याने बोट दाखवलेल्या धुराड्याचे ६३, एक दशांश.

ही बेरीज अजून अपुरी आहे. स्फुरद-पालाशची खतं, तणनाशकं, नत्र वाहून जाऊन दुसरीकडे तयार होणारा नायट्रस ऑक्साइड, बांधणीचं कागद-प्लास्टिक, आणि गूळ हंगामानंतर शीतगृहात ठेवला तर तिथली वीज, हे सगळं त्यात मिळवायचं असतं. हिशोबाचा सांगाडा मात्र हाच.

हे हाताने एकदा कराच. नंतर सॉफ्टवेअर घ्या. ओपनएलसीए फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. हाताने केलेलं नसेल तर सॉफ्टवेअरने दिलेला चुकीचा आकडाही बरोबर वाटतो. एककाची एक चूक, किलोच्या जागी टन, इतक्याने उत्तर हजारपट बदलतं आणि पडद्यावर ते तेवढंच सुबक दिसतं.

तापमानवाढीपुरतं थांबू नका

व्यापाऱ्याला वाटत होतं ते पूर्ण चूक नव्हतं. तापमानवाढीच्या रकान्यात धुराडं लहान आहे, पण सूक्ष्म धूलिकणांच्या रकान्यात तेच सर्वांत वर येतं. एलसीएमध्ये असे अनेक रकाने असतात: तापमानवाढ, धूलिकण, पाण्याचा ताण, नद्या-तलावांत पोषकद्रव्यं वाढणं, जमिनीचा वापर, विषारीपणा. नेदरलँड्समध्ये तयार झालेली 'रेसिपी' नावाची पद्धत असे बरेच रकाने एकदम देते. सगळे पाहा, मग तुमच्या वस्तूला लागू पडणारे चार-पाच निवडा, आणि बाकीचे का सोडले ते लिहा.

उसाला पाण्याचा रकाना सोडून चालणारच नाही. आणि पाणी नुसत्या लिटरमध्ये मोजूनही भागत नाही. पंचगंगेच्या काठावरचं एक लिटर आणि सोलापूरच्या माळावरचं एक लिटर सारखं नाही. दुसऱ्या ठिकाणी ते कुणाच्या तरी तोंडचं असतं. अवेअर नावाची पद्धत प्रत्येक खोऱ्याला पाण्याच्या टंचाईप्रमाणे वेगळं वजन देते, ती वापरा. पोषकद्रव्यांचा रकाना म्हणजे काय ते पाहायचं असेल तर उन्हाळ्यात पंचगंगेवर पसरलेली जलपर्णी पाहा. शेतातून वाहून आलेलं नत्र हे तिच्या खाद्यांपैकी एक, शहरांचं सांडपाणी दुसरं.

काही गोष्टी कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. शिरोळ तालुक्यात जास्तीच्या पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. नेहमीच्या पद्धतींत हे नुकसान जवळजवळ दिसतच नाही. चुलवाणासमोर दहा-दहा तास जाळ घालणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारा धूरही नाही, कारण पद्धत गावाची, प्रदेशाची हवा मोजते. त्याच्या तोंडासमोरची नाही. ऊसतोड कामगारांचे हाल तर हिशोबाच्या पार बाहेर. मी अशा गोष्टी अहवालात वेगळ्या मथळ्याखाली, आकड्याशिवाय लिहिते. आकडा नाही म्हणून पान कोरं ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटतं, तिथे काही नाहीच.

सातवी पायरी: उत्तर हलवून पाहा

हिशोब झाला की ज्या आकड्यांवर उत्तर उभं आहे ते एकेक करून हलवून पाहायचे. मोटारीचे तास दुप्पट केले तर? उतारा दहाऐवजी अकरा टक्के आला तर? पाचट जाळलंच नाही तर? पाण्याची वीज दिवसा सौर वाहिनीवरून येत असेल तर? प्रत्येक वेळी बेरीज आणि क्रम दोन्ही पाहा. आमच्या हिशोबात पाण्याची मोटार सौर धरली की गुळाचा आकडा जवळपास चौथ्या हिश्शाने उतरतो. ट्रकच्या मायलेजमध्ये कितीही फरक केला तरी काही हलत नाही. म्हणजे पुढची मेहनत मोटारीच्या तासांवर घ्यायची, ट्रकच्या मायलेजवर नाही.

चौथ्या पायरीवर परत जायची वेळ इथेच येते. जा. मी आजवर एकही अभ्यास एका फेरीत पुरा केलेला नाही.

आठवी पायरी: बाहेर काय सांगायचं

स्वतःच्या सुधारणेसाठी केलेला हिशोब गुऱ्हाळमालकाला देऊन काम संपतं. पण "आमचा गूळ साखरेपेक्षा चांगला" असं लोकांसमोर म्हणायचं असेल तर आयएसओ १४०४४ प्रमाणे किमान तीन जणांच्या समितीकडून अहवालाची चिकित्सा करून घ्यावी लागते. भारतातही आता मोघम दावे चालत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे शब्द वापरले तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. पाकिटावर हिरवं पान छापण्याआधी हे वाचून घ्या.

एकच सांगते, आणि कळकळीने सांगते: शेवटचा आकडा एकटा कुणाच्या हातात देऊ नका. "६३४ ग्रॅम" असं नुसतं सांगितलं की तो आकडा एकक, सीमा, वर्ष सगळं मागे टाकून गावोगाव फिरतो. सोबत एकक सांगा, सीमा सांगा, आणि सर्वांत कच्चा आकडा कोणता तेही सांगा.

आमचा अहवाल आम्ही गुऱ्हाळाच्या अंगणातच वाचला, मराठीत. मालक, गुळव्या, ते शेतकरी काका आणि तो व्यापारी, सगळे होते. व्यापाऱ्याने पुन्हा धुराड्याचं विचारलं. धुराडं सुधारा, असंच आम्ही सांगितलं; चुलवाणासमोरच्या माणसासाठी आणि गावाच्या हवेसाठी ते हवंच आहे. गुळाचा कार्बन कमी करायचा तर मात्र आधी शेताकडे जावं लागेल: माती तपासून युरिया, तो विभागून आणि मातीआड, पाचट सरीत, पाणी ठिबकने.

काकांनी त्यातलं एक त्याच हंगामात केलं. खोडव्यात पाचट जाळलं नाही, एकाआड एक सरीत पसरून ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा त्यांनी पाचट बाजूला सारून खालची माती हातात दिली. ओली होती. पाण्याची पाळी चार दिवसांनी लांबली म्हणाले. मी वही काढली आणि मोटारीचे तास नव्याने विचारले, या वेळी घड्याळ लावून.